कर नाही त्याला डर कशाला?

सरकारने कोणाचा दूरध्वनी चोरून ऐकला, कोणाच्या संगणकात डोकावले, अशी बातमी आली की मिस्सानंतर चर्चच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, कर नाही त्याला डर कशाला?" बोलणारी माणसे भली असतात. त्यांनी १९९३ चे बॉम्बस्फोट अनुभवले आहेत. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र जागून काढली आहे. त्यांची भीती खरी आहे. परंतु ही म्हण येथे लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे.

धर्मगुरू म्हणून माझे आयुष्य पापनिवेदने ऐकण्यात गेले. जाळीपलीकडे बहुधा गुन्हेगार नसतो. मुलाच्या व्यसनाने खचलेली आई असते, श्रद्धा डळमळली म्हणून व्याकूळ झालेला तरुण असतो. त्यांनी कायदा मोडलेला नाही, तरीही त्यांचे शब्द चव्हाट्यावर आले तर ती माणसे उद्ध्वस्त होतील. म्हणूनच पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभा बहिष्काराची शिक्षा देते. प्रभू येशूनेही प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावून घ्यायला शिकवले. बंद दारामागे माणसाची प्रतिष्ठा सुरक्षित राहते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला, तेव्हा ख्रिस्ती माणसाला त्यात नवल वाटायला नको होते.

तरीही डर कशाला, असे कोणी विचारले तर मी फादर स्टॅन स्वामींचे नाव घेतो. झारखंडच्या आदिवासींसाठी झटणाऱ्या या येशूसंघीय धर्मगुरूंना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरणारे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली त्यांना तळोजा कारागृहात ठेवले गेले. जामीन मिळण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने बचाव पक्षासाठी त्यांच्या संगणकाची तपासणी करून निष्कर्ष काढला : अज्ञात घुसखोराचा त्या संगणकात सुमारे पाच वर्षे वावर होता आणि त्याने चाळीसहून अधिक फायली तेथे पेरल्या होत्या. फादरांवरील आरोपांचा निवाडा कधी झालाच नाही. घुसखोर कोण, हेही सिद्ध झालेले नाही. पण धडा स्पष्ट आहे. जेथे परक्याचा डोळा शिरतो, तेथे त्याचा हातही शिरू शकतो. मग 'कर नाही' हे तुम्ही सिद्ध कसे करणार?

देशाच्या रक्षणासाठी कोणावरही पाळत ठेवू नये, असे मी म्हणत नाही. पाळतीचा हुकूम कोण देतो आणि त्याचा जाब कोण विचारतो, हा माझा प्रश्न आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्यावर बंधने घातली. तरी आजही तो हुकूम सामान्यतः गृहसचिव काढतात आणि त्याचा फेरविचार करणारी समितीही सचिवांचीच असते. मागणारे सरकार, देणारे सरकार, तपासणारेही सरकार! न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. ज्याचे बोलणे ऐकले, त्याला पुढेही कळवावे लागत नाही.

पेगॅसस प्रकरणी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनांपैकी ५ फोनांत घातक संगणकप्रणाली आढळली. ती पेगॅससच होती, असे सिद्ध झाले नाही. मात्र केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. तेव्हा व्हरांड्यातली ती म्हण कोणाला आठवली नाही. सरकारला का विचारू नये : कर नाही, तर डर कशाला?

ज्याच्या हाती सत्ता, त्याचे दप्तर उघडे असावे. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याचे दार त्याला लावू द्यावे. आपल्याकडे आज नेमके उलटे चालले आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार आपल्या धर्मग्रामात मते मागायला येतील, तेव्हा रस्त्याबरोबर आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा : न्यायाधीशाच्या लेखी हुकुमाशिवाय माझ्या घरात कोणी डोकावणार नाही, असा कायदा तुम्ही करणार का? आणि उत्तर मिळेपर्यंत ती म्हण त्यांच्यासाठी राखून ठेवा.