मातृभाषेचा रकाना

मोलगी नावाचे गाव आपल्या महाराष्ट्रात आहे, असे मी परवा प्राध्यापक-कक्षात म्हणालो, तेव्हा इतिहासाचे एक विद्वान सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, ते गुजरातेत असेल!" गृहस्थ मूळचे पुण्याचे. पुण्याहून पाहिले की नंदुरबारच मुळी नकाशाच्या समासात दिसते. आणि मोलगी त्याच्याही पलीकडे, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या घड्यांत. आपण एकादशीला जी भगर खातो ती तिकडे डोंगरउतारावर पिकते, एवढी ओळख गृहिणींना पुरे व्हावी.

पण सहकाऱ्यांची शंका अगदीच वेडगळ नव्हे. १ मे १९६० रोजी आपल्या वडीलधाऱ्यांनी पेढे वाटले. त्याच दिवशी पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे या तालुक्यांतली काही गावे कायद्याने गुजरातेत गेली. मोलगी अलीकडे राहिली. पलीकडच्या भिल्ल मुलाने गुजराती शाळेत जावे, अलीकडच्याने मराठी शाळेत, असे ठरले. दोघांच्या घरी बोलतात ती भाषा मात्र ना ही ना ती! त्यांची देवी याहा मोगी. याहा म्हणजे आई. या आईचे ठाणे देवमोगऱ्याला, म्हणजे गुजरातेत. महाशिवरात्रीच्या यात्रेला इकडची माणसे तिकडे जातात. आईच्या दाराशी जाताना आपण परराज्यात चाललो, असे कोणाच्या मनात येत असेल का?

मी हा विचार करू लागलो तो एका विद्यार्थ्यामुळे. मोलगीजवळच्या एका पाड्यावरचा मुलगा. बी. ए. ला मराठी घेतलेले. प्रवेशाच्या अर्जात मातृभाषेचा रकाना त्याने कोरा सोडला होता. कारकुनाने तिथे 'मराठी' असे ठोकून दिले आणि वर म्हणाला, "मराठीच घेतलंयस ना रे? मग?" मुलगा माझ्याकडे आला तो तक्रार घेऊन नव्हे. हळूच म्हणाला, "सर, मराठी मला येते. पण माझ्या आईला येत नाही. मग ती मातृभाषा कशी?"

अलंकार आणि वृत्ते शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे उत्तर चटकन सुचत नाही.

गंमत अशी की, हाच मुलगा शहरात खोली शोधीत हिंडला, तेव्हा एका घरमालकीणबाईंनी त्याचे उच्चार ऐकून दोनदा विचारले, "पण तुम्ही मराठीच ना?" कागदावर न विचारता मराठी, आणि दारात विचारून विचारून संशयित!

त्याची भाषा नोयरी. भिल्लांच्या अनेक बोलींपैकी ही एक; शेजारीच पावरी, देहवाली, मावची. आम्हा मराठीच्या मास्तरांना एक खोड असते. राज्याच्या हद्दीत जे जे ऐकू येईल, ते ते मराठीची बोली म्हणून आम्ही पदराखाली घेतो. ग्रिअर्सनसाहेबाने आपल्या भाषापाहणीत, १९०७ सालच्या खंडात, भिल्ली बोलींचा वेगळा संसार मांडला आणि त्यांचे नाते गुजरातीशी अधिक जवळचे ठरवले. गुजराती मंडळींनी यावर हुरळून जाऊ नये. डांग कोणाचा, या वादात दोन्ही बाजूंनी व्याकरणाचे दाखले दिले. पण डांगातल्या माणसाच्या पोराला त्याच्या भाषेत धुळाक्षरे शिकवू, असे म्हणायला फारसे कोणी पुढे आले नाही.

२०११च्या जनगणनेत भिल्ली या सदराखाली १ कोटी ४ लाख माणसे नोंदली आहेत. त्या एका सदरात पावरी, मावची, वारली अशा कितीतरी बोली कोंबल्या आहेत, हे खरे. पण त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे पुरते २५ हजारही नाहीत. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. तिथे संस्कृत आहे, भिल्ली नाही. संथाळी २००३ साली आत गेली. संस्कृतबद्दल मला आदर आहे, पोटापुरता का होईना तिचाही उपयोग मी करतो. पण हे गणित मला अजून सुटलेले नाही.

उच्चारावरून आपला-परका ठरवण्याची रीत आपलीच आहे असे नव्हे. तिकडे वेस्ट इंडीजमध्ये एकाच बेटावर दोन देश नांदतात: हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक. १९३७ साली त्रुहियो या डोमिनिकन हुकूमशहाच्या सैनिकांनी सरहद्दीवर हजारो हैतियन लोक मारले. कोथिंबिरीसारखी एक पालेभाजी दाखवून तिचे स्पॅनिश नाव उच्चारायला लावीत, आणि 'र' नीट आला नाही की माणूस परका, अशी हकीकत सांगतात. स्वतः डोमिनिकन लोकांतही आफ्रिकी रक्त भरपूर. पण ओळखपत्रावर रंगाच्या रकान्यात 'काळा' म्हणायचे नाही म्हणून पुष्कळांपुढे 'इंदिओ', म्हणजे तिथला मूळचा आदिवासी, असे लिहीत. आणि ते मूळचे आदिवासी तर स्पॅनिश अमलात केव्हाच जवळजवळ नामशेष झालेले! पुढे २०१३ साली तिथल्या घटनापीठाने १९२९पासून त्या देशातच जन्मलेल्या, पण कागदपत्रे नसलेल्या परदेशी आईबापांच्या मुलांना नागरिक मानण्याचे नाकारले. त्यात बहुतेक हैती वंशाचे.

आपल्याकडे तसा रक्तपात झाला नाही. कारकून कोणाचा जीव घेत नाही. फक्त रकाना भरतो, आणि त्या माणसाची भाषा मोजण्यातून जाते. मोजली नाही की पुस्तक नाही, पुस्तक नाही की मास्तर नाही.

अपवाद आहेत. नर्मदाकाठच्या बुडणाऱ्या गावांत १९९०नंतर आंदोलनाने जीवनशाळा काढल्या, तिथे मुलांना त्यांच्या बोलीतून शिकवू लागले. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांनी मराठीबरोबर आपल्या भिलोरीतही कविता लिहिली. त्यांचा 'गोधड' मी वर्गात वाचून दाखवतो, तेव्हा मागच्या बाकावरची पोरे पहिल्यांदा मान वर करतात.

माझा तो विद्यार्थी आता तिकडेच एका आश्रमशाळेत पहिलीला शिकवतो. गेल्या वर्षी भेटला तेव्हा मी, मराठीचा मास्तर म्हणून, जरा धाकधुकीनेच विचारले, "काय रे, वर्गात मराठी बोलतोस ना?"

"बोलतो की, सर. दिवाळीपर्यंत पोरे 'पाणी प्यायला जाऊ का' म्हणायला लागतात. पण पहिल्या दिवशी आईला सोडून आलेले पोर रडायला लागले, तर त्याला मराठीत कसे गप्प करायचे, ते तुम्हीच सांगा."