बैलाचे औत आणि ट्रॅक्टरचा जोड

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर दुधना खोऱ्यातील काळ्या जमिनीला येणारा वाफसा हा मोजक्या दिवसांचा पाहुणा असतो. ओल अधिक असेल तर माती औताला लोण्यासारखी चिकटते. ओल उडाली की तीच माती विटेसारखी टणक होते. या दोन टोकांच्या मधल्या अल्प अवधीत परतूर तालुक्यातील शेतकऱ्याला वखराची पाळी आणि पेरणी ही दोन्ही कामे उरकावी लागतात. अशा वेळी गावात ट्रॅक्टर किती आहेत यापेक्षा त्यांच्यामागे बांधण्याजोगी अवजारे किती आहेत, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. यांत्रिकीकरणाची चर्चा करणाऱ्यांनी या दुसऱ्या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

बैल गेले, औते राहिली, अशी आज अनेक गोठ्यांची अवस्था आहे. बैलजोडीचा वर्षभराचा चारा, तिला राखणारा माणूस आणि वर्षातील थोडे दिवस मिळणारे काम यांचा मेळ लहान शेतकऱ्याला बसेनासा झाला. त्यात 2015 साली राज्याच्या पशुसंरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाच्या विक्रीतून नव्या जोडीसाठी जे थोडेफार भांडवल उभे राहत असे, तो मार्गही आखडला. कायद्याच्या इष्टानिष्टतेचा विचार येथे कर्तव्य नाही. बैल ठेवण्याच्या हिशेबावर त्याचा परिणाम झाला एवढेच नोंदवायचे. जोडी विकली जाते, परंतु लोखंडी वखर, तिफण, कोळपी भिंतीशी उभी राहतात. त्यांची विल्हेवाट दोनच प्रकारे लागते. एक तर ती भंगाराच्या काट्यावर किलोने जातात. आणि भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या जालन्याच्या भट्ट्या परतूरपासून काही दूर नाहीत. नाही तर ती गावच्या वेल्डिंगच्या दुकानात जातात आणि तेथे त्यांना ट्रॅक्टरचा जोड बसवून दुसरा जन्म दिला जातो. या दुसऱ्या वाटेचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे.

जुन्याचे नवे करण्याची ही कला मराठी मुलखाला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्यामुळे त्याला पहिले गिऱ्हाईक मिळण्यासही दीर्घकाळ वाट पाहावी लागली. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे त्याच नांगराने दख्खनची जमीन उलथली. मात्र नांगर लोखंडी झाला तरी तो ओढणारा बैलच होता. अवजार बदलले, शक्ती तीच राहिली. आज नेमके उलट घडत आहे. शक्ती बदलली आहे आणि अवजार जुनेच राहू पाहत आहे. हा दुसरा बदल पहिल्याहून अवघड आहे; कारण बैलाच्या औताचा प्रत्येक भाग बैलाच्या अंगाशी, चालीशी आणि स्वभावाशी जुळवून घडवलेला असतो.

बैलजोडीची सततची ओढ ढोबळमानाने एका अश्वशक्तीच्या आसपास; भाड्याने फिरणारा ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा. जोडी ताशी दोन-तीन किलोमीटर चालते, ट्रॅक्टर त्याच्या दुप्पट सहज चालतो. तथापि खरा फरक या आकड्यांतही नाही. वखराची फास दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकली की बैल थांबतो. तो थांबतो म्हणून दिंड मोडत नाही, जानोळी वाकत नाही आणि रुमणे धरणाऱ्याच्या हाताला हिसका बसत नाही. अवजाराच्या सुरक्षिततेची अर्धी यंत्रणा, अशा रीतीने, बैलाच्या खांद्यात बसवलेली होती. ट्रॅक्टर थांबत नाही. म्हणून वखराची लाकडी दांडी काढून तेथे लोखंडी चौकट जोडली की काम झाले असे समजणारा कारागीर पहिल्याच दगडाला फसतो. जाणता कारागीर फणाला स्प्रिंग देतो, म्हणजे अडथळा येताच फण मागे झुकतो आणि पुन्हा जागेवर येतो. किंवा जोडात एक बोल्ट मुद्दाम कमी ताकदीचा ठेवतो. ताण वाढला की तो बोल्ट तुटतो आणि बाकीचे औत वाचते. थोडक्या किमतीचा हा बोल्ट म्हणजे बैलाच्या थांबण्याचा मोबदलाच होय.

तिफणीची गोष्ट याहून नाजूक. चाड्यात मुठीने बी सोडणाऱ्या बाईचा हात बैलाच्या चालीशी बांधलेला असतो. चाल दुप्पट झाली आणि हात तोच राहिला, तर बी विरळ पडते. पुढे उगवण झाल्यावर तासात पडलेली खाडे पाहून बियाण्याला बोल लावला जातो. जालना जिल्हा हा बियाणे उद्योगाचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथेच महिको स्थापन केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या गुणवत्तेवर इतके परिश्रम झालेल्या या भूमीत ते बी जमिनीत किती अंतरावर व किती खोल पडते, याचा निर्णय मात्र एका जुळवाजुळवीवर सोडलेला असावा, हे विसंगत आहे. तिफण ट्रॅक्टरला जोडायची तर बी सोडण्याचे काम हातातून काढून जमिनीवर फिरणाऱ्या चाकाकडे द्यावे लागते, म्हणजे चाल वाढली की बीही त्याच प्रमाणात वाढते.

हे सारे शक्य होते ते एका जोडामुळे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने 1926 साली ट्रॅक्टर आणि अवजार तीन ठिकाणी जोडणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले आणि 1939 साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. खाली दोन बाहू, वर एक टॉप लिंक आणि उचलायला हायड्रॉलिक, एवढाच तिचा संसार. पुढे हा जोड जगभर प्रमाण मानला गेला. त्यामुळे परतूरच्या दुकानदाराने तीन भोकांची चौकट एकदा बरोबर केली की ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा आहे याची त्याला फारशी फिकीर उरत नाही. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या पिना सुमारे 22 मिलिमीटरच्या आणि मोठ्याच्या सुमारे 28 मिलिमीटरच्या असतात. मोठ्या भोकात लहान पिनेसाठी बूश घातले की तेही भागते. एका परक्या माणसाने शोधलेला हा जोड गावच्या लोहाराच्या हाती किती मोठी सत्ता देऊन गेला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

ही खटपट केवळ काळ्या मातीची नाही. अमेरिका-कॅनडातील हिमवृष्टीच्या मुलखात मालमोटारीवरून उतरवलेले बर्फ लोटण्याचे जुने पाते ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला बसवण्याचा उद्योग शेतकरी करतात. आपल्याकडे गाळ किंवा मुरूम भरण्यासाठी दिसतो तसाच हा लोडर. तेथेही अडचण तीच येते. लोडरचे बाहू उचलण्यासाठी घडवलेले असतात, एका कोपऱ्यावर बसणारा आडवा धक्का सोसण्यासाठी नव्हे. पाते बर्फाखालच्या दगडाला अडले की बाहू पिळतात. म्हणून पात्यामागे स्प्रिंग ठेवून त्याला अडथळ्यावर झुकू द्यावे लागते आणि ट्रॅक्टर सावकाश हाकावा लागतो. बर्फ आणि काळी माती यांत साम्य काही नाही. पण जुने अवजार नव्या शक्तीला जोडताना धक्का कोणी सोसायचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आता पैशाचा विचार. जुन्या औतासाठी खर्चलेली रक्कम परत येणार नसते; अर्थशास्त्राच्या भाषेत तो बुडीत खर्च. त्यामुळे शेतकऱ्यापुढची तुलना नव्या अवजाराची किंमत आणि जुन्याची किंमत यांच्यात नसते. ती नव्याची किंमत एका बाजूला, आणि जुन्याची भंगारातील किंमत अधिक जोडकामाची मजुरी दुसऱ्या बाजूला, अशी असते. समजा नव्या अवजाराला चाळीस हजार पडतात, जुन्याला भंगारात दोन हजार येतात आणि जोडकाम दहा हजारांत होते; तर जुन्याचा खरा भार बारा हजारांचा. जुळवलेले औत नव्याच्या निम्मे वर्षे टिकले तरी लहान शेतकऱ्याचा तोटा होत नाही. शिवाय वाचलेले अठ्ठावीस हजार सावकाराकडून काढावे लागत नाहीत, हा लाभ निराळाच. राष्ट्रीय लेख्यांच्या शास्त्रातही जुन्या मालमत्तेत केलेली मोठी सुधारणा ही भांडवलनिर्मितीच मानली जाते. तरीही व्यवहारात या कामाला भंगारातली कारागिरी याहून अधिक प्रतिष्ठा नाही.

शासनाचे धोरण याच्या नेमके उलट चालते. 2014-15 पासून सुरू झालेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारांवर सर्वसाधारणपणे 40 ते 50 टक्के अनुदानाची तरतूद झाली, परंतु ती अधिकृत केंद्रात चाचणी झालेल्या अवजारांपुरती. चाचणीची अट गैर नाही. शासनाचा पैसा निकृष्ट लोखंडावर जाऊ नये हे योग्यच. पण तिचा परिणाम असा होतो की नवे घेणाऱ्याला निम्मी मदत आणि जुने वापरात आणणाऱ्याला काहीच नाही. वरील उदाहरणात चाळीस हजारांवर निम्मे अनुदान धरले तर नव्याचा भार वीस हजारांवर येतो आणि जुळवण्याचा लाभ अठ्ठावीसवरून आठ हजारांवर उतरतो. जो शेतकरी अर्ज, निवड, आधी पूर्ण भरणा आणि मागाहून अनुदान ही पायरी चढू शकतो, त्याला नवे परवडते. ज्याला ती चढता येत नाही तो वेल्डिंगच्या दुकानातच जातो, आणि त्या दुकानाकडे ना कर्ज पोहोचते ना मार्गदर्शन.

जोडकामाचे गोडवे गाणाऱ्यांनी, मात्र, त्यातील धोका लपवू नये. ट्रकचे जुने पाटे चिवट पोलादाचे असतात म्हणून फासेसाठी ते कापून वापरण्याचा मोह होतो. परंतु त्या पोलादात कर्बाचे प्रमाण अधिक असल्याने ते आधी तापवून न घेता वेल्डिंग केले तर जोडाच्या कडेला ठिसूळपणा येतो आणि भर शेतात तुकडा उडतो. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो. त्यावर झाकण नसेल तर धोतराचा सोगा किंवा पदर त्यात गुंतायला क्षण लागत नाही. मळणीयंत्रांनी हात गेलेल्या मजुरांची संख्या वाढली तेव्हा 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, हे विसरता येणार नाही. पेरणीच्या वेळी अवजारावर फळी टाकून त्यावर माणूस बसवणे हा प्रकारही त्याच मालिकेतला. जोड स्वस्त पडला आणि माणूस महाग पडला, असे होता कामा नये.

म्हणूनच बंदी आणि दुर्लक्ष या दोन्हींऐवजी तिसरा मार्ग हवा. आज चाचणी होते ती संपूर्ण अवजाराची. ती जोडाचीही व्हावी. वखर, तिफण, कोळपे अशा नेहमीच्या औतांसाठी तीन-चार प्रमाण चौकटी, त्यांची मापे, कोठे कोणते पोलाद, कोठे कमी ताकदीचा बोल्ट, फिरत्या भागावर कोणते झाकण, हे सारे मराठीत चित्रांसह छापून दुकानदाराच्या हाती देणे अवघड नाही. 1972 साली स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ परतूरला दूरचे नाही. 1981 च्या मे महिन्यात जालना जिल्हा होईपर्यंत परतूर परभणी जिल्ह्यातच होते. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेने नमुने ठरवावेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी कारागिरांना आठवड्याभराचे शिक्षण द्यावे आणि त्या नमुन्याबरहुकूम केलेल्या जोडकामाच्या बिलावर अनुदानाचा लहानसा वाटा मिळावा. यात नवी योजना काढण्याचेही कारण नाही. जुन्या योजनेच्या नियमांत चार ओळी पुरतील. शासनाला ही चार ओळींची दुरुस्ती नव्या योजनेपेक्षा नेहमीच जड जाते, हा भाग वेगळा.

बलुतेदारीच्या काळात लोहार-सुतारांचे काम गावाने धान्याच्या वाट्यावर बांधून घेतले होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त त्या व्यवस्थेचे गुणदोष सविस्तर आले आहेत, आणि धनंजयराव गाडगीळांनीही 1924 साली प्रसिद्ध झालेल्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथात ग्रामीण कारागिरांच्या अवस्थेचा विचार केला. ती व्यवस्था परत यावी असे कोणी म्हणणार नाही. तिच्यातील जातीची बेडी तुटली हे चांगलेच झाले. तथापि त्या व्यवस्थेत कारागिराला पेरणीपूर्वी काम मिळण्याची जी खात्री होती, तिची जागा घेणारे काही उभे राहिले नाही. आजचा वेल्डिंगवाला अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत रात्रंदिवस राबतो आणि उरलेले वर्ष खिडक्यांच्या जाळ्या व दारांच्या चौकटी करून काढतो. उन्हाळ्यात लागणारे लोखंड हिवाळ्यात स्वस्तात घेऊन ठेवण्याइतके खेळते भांडवल बँकेने त्याला दिले, तर चौकटी आधी तयार राहतील आणि वाफशाच्या दिवशी त्याच्या दारात औते घेऊन उभ्या राहणाऱ्यांची रांग तरी आखूड होईल.