आधी कळा आणण्याची मागणी

तालुक्याच्या प्रसूतिगृहात काय किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत काय, हा संवाद रोजचा आहे. सदतिसावा आठवडा लागलेला, लॅबेटॅलॉलच्या गोळ्या चालू, पाय सुजलेले, रात्री कूस बदलायलाही कुणाचा तरी हात लागतो. अशी बाई तपासणी संपता संपता विचारते, ‘‘मॅडम, आधीच कळा आणता नाही का येणार? आता नाही सहन होत.’’ बाहेर बाकावर अजून चाळीस जणी बसलेल्या असतात. उत्तर ठरलेलं असतं : ‘‘दिवस तरी भरू द्या. एवढी कसली घाई?’’ केसपेपरवर बीपी, वजन, लघवीतलं अल्ब्युमिन, बाळाचे ठोके सगळं उतरतं. तिने काय विचारलं ते उतरत नाही.

ते उतरायला हवं, कारण हा प्रश्न हिस्टरीचाच भाग आहे. ‘‘असं का वाटतंय?’’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. मग कळतं, की दोन दिवसांपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. किंवा तळहाता-तळपायांना इतकी खाज सुटते की रात्री थंड फरशीवर पाय टेकून बसावं लागतं. किंवा बाळ परवापासून कमी फिरतंय. किंवा मागचं मूल अडतिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं होतं आणि तो आठवडा आता पुन्हा येऊ घातलाय. कधी घरी मारहाण होत असते, आणि दवाखान्यात भरती होणं हीच तिला दिसणारी एकमेव सुटका असते. थेट तक्रार करायला संकोचणारी बाई ती या प्रश्नात गुंडाळून पुढे करते.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २००८ सालची मार्गदर्शक सूचना या बाबतीत वाचण्यासारखी आहे. केवळ बाईची इच्छा म्हणून कळा आणण्याची मुभा सरसकट देऊ नये, असं तिच्यात होतं. अपवाद म्हणून उदाहरण दिलं होतं ते नवरा लष्करात असून परदेशी नेमणुकीवर निघणार असल्याचं. तेही चाळीस आठवडे झाल्यावर! नवऱ्याची बदली हे कारण म्हणून चाललं, तिची झोप उडालेली असणं मात्र उल्लेखालाही आलं नाही. २०२१च्या सूचनेत भाषा बदलली. फायदे-धोके समजावून, तिची परिस्थिती आणि पसंती लक्षात घेऊन मागणीचा विचार करावा, असं ती म्हणते. हा बदल नुसत्या सौजन्यापोटी आलेला नाही. मधल्या काळात हाती आलेल्या आकड्यांनीही वाट मोकळी केली होती.

रक्तदाबापासून सुरुवात करावी, कारण आपल्याकडे अवघड गर्भारपण म्हटलं की पहिली गाठ त्याच्याशीच पडते. नेदरलँड्समधल्या हिपिटॅट चाचणीत (२००९) छत्तीस ते एक्केचाळीस आठवड्यांच्या ७५६ स्त्रिया होत्या. गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब किंवा सौम्य प्रीएक्लॅम्पसिया असलेल्या. निम्म्यांच्या कळा आणल्या, निम्म्यांना देखरेखीखाली थांबवलं. आईच्या प्रकृतीला त्रास होण्याचं प्रमाण कळा आणलेल्या गटात ३१ टक्के, थांबलेल्या गटात ४४ टक्के. सिझर वाढले नाहीत. म्हणजे सदतीस आठवड्यांना प्रीएक्लॅम्पसिया असलेली बाई ‘आधी’ काही मागत नाही. तिची वेळ झालेलीच असते, आणि उशीर दवाखान्याकडून होत असतो.

चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या पट्ट्यात मात्र हिशेब गुंतागुंतीचा होतो. इंग्लंड-वेल्समधल्या फिनिक्स चाचणीत (२०१९, ९०१ स्त्रिया) लवकर प्रसूती केल्याने आईचा त्रास घटला. पण नवजात कक्षात जाणारी बाळं वाढली. आईसाठी ठरवलेल्या निकषावर ७५ टक्क्यांचे ६५ झाले, आणि बाळासाठी ठरवलेल्या निकषावर ३४ टक्क्यांचे ४२. आपल्याला अधिक जवळची आहे ती क्रेडल-४ ही चाचणी. ती भारत आणि झांबियातल्या मोठ्या रेफरल रुग्णालयांत झाली, बेळगाव त्यात होतं, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ५६५ स्त्रियांच्या या अभ्यासात लवकर प्रसूती केलेल्या गटात तीव्र रक्तदाब कमी आढळला, मृतजन्मही कमी झाले, आणि नवजात बाळांचं नुकसान वाढलेलं दिसलं नाही. यावरून कुणी पस्तीस आठवड्यांची बाई वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये सलाईनवर घेऊ नये. त्या बाळांमागे रेफरल रुग्णालयाचा नवजात कक्ष उभा होता. तालुक्याच्या डॉक्टरसाठी या निष्कर्षाचा अर्थ एवढाच, की अशा बाईला वेळेत पुढे पाठवावं. ‘बघू अजून आठवडाभर’ म्हणून धरून ठेवू नये.

खाजेचं प्रकरण वेगळं आणि जास्त फसवं. अंगावर पुरळ नाही, म्हणून कॅलामाइन लोशन लिहून दिलं जातं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणाने यकृताशी निगडित या आजाराचं चित्र स्पष्ट केलं. रक्तातली बाइल ॲसिड चाळीसच्या खाली असतील तर मृतजन्माचं प्रमाण ०.१३ टक्के, चाळीस ते नव्व्याण्णवपर्यंत ०.२८ टक्के, आणि शंभर किंवा अधिक झाली की थेट ३.४४ टक्के. त्यामुळे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०२२ची सूचना तीन वेगवेगळ्या वेळा सांगते : शंभरच्या वर असतील तर पस्तीस-छत्तीस आठवड्यांना प्रसूती, मधल्या गटात अडतीस-एकोणचाळीसला, सौम्य असेल तर चाळिसापर्यंत थांबायला हरकत नाही. म्हणजे खाजेने हैराण झालेल्या बाईच्या मागणीला ‘हो’ की ‘नाही’ हे एका रक्ततपासणीवर ठरतं. लहान गावातून हा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्ट यायला दिवस लागतात. शनिवारी घेतलेल्या नमुन्याचा आकडा बुधवारी हाती आला, तर मधल्या चार दिवसांची जबाबदारी कुणाची, हे ओपीडीतच ठरलेलं बरं. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. पिचेस चाचणीत (२०१९) त्या गोळ्यांनी बाळावरचं संकट कमी झाल्याचं दिसलं नाही.

‘नाही’ म्हणण्याची ठिकाणंही तेवढीच स्पष्ट आहेत. आहारावर साखर आटोक्यात असलेली गर्भारपणातली मधुमेही, बाळाची वाढ नीट, आठवडा छत्तीसावा, आणि कंबरदुखीने जीव नकोसा झालेला. तिची तक्रार खरी आहे, तरी बाळाला बाहेर काढण्याचं ते कारण होत नाही. थेट तुलना नव्हे, पण नियोजित पुनर्सिझरबद्दलची अमेरिकी आकडेवारी (२००९) इथे डोळ्यांपुढे असावी. बाळाला श्वसनाचा किंवा तत्सम त्रास होण्याचं प्रमाण सदतिसाव्या आठवड्यात १५.३ टक्के, अडतिसाव्यात ११, एकोणचाळिसाव्यात ८ टक्के. तिच्या कंबरेसाठी पट्टा, फिजिओथेरपी, पॅरासिटामॉल आणि घरातल्या कामातून रजा हे उपाय आहेत. शेवटचा उपाय सासूशी बोलल्याशिवाय लागू पडत नाही, आणि ते बोलणं डॉक्टरच्या तोंडून गेलं तर जास्त वजनदार ठरतं.

बाळ कमी फिरतंय या तक्रारीबाबतही उतावळेपणा उपयोगी पडत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या चार लाखांहून अधिक गर्भारपणांच्या अ‍ॅफर्म चाचणीत (२०१८) या तक्रारीकडे अधिक सजगपणे पाहून प्रसूती लवकर करण्याचं धोरण राबवलं गेलं. मृतजन्म दर हजारी ४.४० वरून ४.०६ झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. सिझर आणि आणलेल्या कळा मात्र वाढल्या. तेव्हा तक्रार ऐकताच एनएसटी आणि गर्भजल बघावं, आणि पुढचं त्यावरून ठरवावं.

या सगळ्याच्या मुळाशी एक कोरडी गोष्ट आहे : तारीख. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. सातव्या-आठव्या महिन्यात बाई पुण्याहून लातूरला किंवा मुंबईहून सावंतवाडीला येते, आणि पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सासरच्या कपाटात राहते. माहेरच्या डॉक्टरपुढे असतो फक्त बत्तिसाव्या आठवड्यातला स्कॅन. तो दोन-तीन आठवड्यांनी इकडेतिकडे असू शकतो. अशा वेळी सदतीस म्हणून आणलेल्या कळा चौतिसाच्या बाळाला बाहेर काढू शकतात. पहिल्या स्कॅनचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायला दोन मिनिटं लागतात. तो हाती येईपर्यंत, जीवावरचं संकट नसेल तर, मिसोप्रोस्टॉलचं पाकीट कपाटातच असू द्यावं.

‘कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं’ हा समज रुग्णांइतकाच डॉक्टरांमध्येही पक्का आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातलं सिझरचं प्रमाण २५.४ टक्के आणि गोव्यातलं ३९.५ टक्के होतं. तेव्हा ही धास्ती निराधार नाही. पण अमेरिकेतल्या अराइव्ह चाचणीने (२०१८) उलटंच दाखवलं. पहिलटकरणी, जोखीम नसलेल्या ६,१०६ स्त्रिया. एकोणचाळिसाव्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, वाट पाहणाऱ्यांत २२.२ टक्के. हा निष्कर्ष आपल्याकडे भाषणांतून फार लवकर पसरला. त्याच चाचणीतला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. कळा आणलेली बाई लेबररूममध्ये सरासरी वीस तास होती, दुसऱ्या गटातली चौदा. जिथे रात्रपाळीला एकच सिस्टर तीन टेबलं सांभाळते, तिथे हे जादा सहा तास येणार कुठून? ते मिळत नाहीत, म्हणून संध्याकाळी सहा वाजता ‘प्रगती नाही’ असा शेरा पडतो आणि बाई थिएटरमध्ये जाते. खरं तर पाणमोट फुटल्यावर ऑक्सिटोसिन निदान बारा ते अठरा तास चालल्याशिवाय कळा अयशस्वी ठरवू नयेत, असं अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ सालीच सांगितलं आहे.

पद्धतीबाबत तर बाहेर पाहायची गरजच नाही. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाबाच्या ६०२ स्त्रियांवर झालेली इन्फॉर्म चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. एका गटाला दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने, दुसऱ्या गटाला फोलीचा कॅथेटर. चोवीस तासांत योनिमार्गे प्रसूती झाली ती अनुक्रमे ५७ आणि ४७ टक्के जणींची. महागडं जेल नाही, त्याच्यासाठी फ्रीज नाही. आणि तरीही कितीतरी लेबररूममध्ये २०० मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडने कापून तिचे आठ तुकडे करतात. कुणाच्या वाट्याला पंधरा येतात, कुणाच्या वाट्याला चाळीस. पंचवीसची गोळी मिळत नसेल, तर दोनशेची गोळी दोनशे मिलिलीटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. दर दोन तासांनी बाटली हलवून पंचवीस मिलिलीटर मोजून द्यावं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकावं. बाटलीवर वेळ लिहिलेली चिकटपट्टी हवी. आधीचं सिझर असेल तर ही बाटली त्या टेबलाच्या आसपासही नको.

मागणी कुणाची, हाही प्रश्न असतोच. मुहूर्त काढून आणणारे सासरे, रजा संपत आलेला नवरा, वाढदिवस जुळवू पाहणारी नणंद, हे सगळे ‘तिला’ त्रास होतोय असंच सांगतात. म्हणून तिच्याशी पाच मिनिटं एकटीशी बोलावं. मुहूर्ताला नकार देताना डॉक्टरांनी ज्योतिषावर वाद घालू नये. पिशवीचं तोंड अजून तयार नाही, हे कारण पुरेसं आहे आणि बहुतेकदा खरंही असतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. स्कॉटलंडमधल्या मधुमेही, लहान चणीच्या नदीन मॉन्टगोमेरींनी बाळ मोठं असल्याची काळजी वारंवार बोलून दाखवली होती. खांदा अडकण्याचा नऊ-दहा टक्के धोका त्यांना सांगितला गेला नाही. सांगितला तर त्या सिझर मागतील, असं डॉक्टरांना वाटलं. १९९९ साली जन्मलेल्या बाळाला कायमची इजा झाली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल आईच्या बाजूने दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही समीरा कोहली खटल्यात (२००८) पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच ग्राह्य धरली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर टाळणं ही आता शिष्टाचारापुरती बाब राहिलेली नाही.

व्यवहारात एवढं तरी व्हावं. नकार द्यायचा तर तो तारखेसकट द्यावा : ‘‘गुरुवारी पुन्हा बघू, तोपर्यंत डोकं दुखलं, पाणी गेलं, बाळ कमी फिरलं तर रात्रीही या.’’ आणि केसपेपरवर चार ओळी लिहाव्यात. मागणी : ३७ आठवडे २ दिवसांना कळा आणण्याची. कारण : मागचा मृतजन्म ३८ आठवड्यांना, झोप नाही. निर्णय : एनएसटी आणि गर्भजल नीट, ३८ आठवडे पूर्ण होण्याआधी दाखल करणार, मिसोप्रोस्टॉलचा बेत समजावला. कुणाशी बोलणं झालं : स्वतः रुग्ण, एकटी. त्याखाली सही आणि वेळ. रात्री दोन वाजता तीच बाई पुन्हा आली, तर ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला एवढ्या चार ओळींवरून पुढचं ठरवता येतं.