होकारापूर्वी सहाव्या वर्षाचा विचार

पीएच.डी.साठी निवड झाल्याचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात. पत्रात पहिल्या वर्षीच्या विद्यावेतनाचा आकडा असतो आणि होकार देण्यास तेवढा पुरेसा वाटतो. कर्ज मंजूर करताना बँक मात्र पहिल्या हप्त्याइतकाच शेवटच्या हप्त्याचाही विचार करते. संशोधनाची वाट धरणाऱ्यानेही हीच रीत अंगीकारणे हितावह ठरेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. आयोगाची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि मूल्यमापनानंतर ४२,००० रुपये अशी असली, तरी ती एकंदर पाच वर्षेच मिळते. साहजिकच पहिला प्रश्न हा, की प्रबंध लांबला तर सहाव्या वर्षी खर्च कोण भागवणार? तोवर उमेदवार तिशीला टेकलेला असतो आणि अनेकदा वडील निवृत्त झालेले असतात. फेलोशिप नसलेल्यांपुढे तर हा प्रश्न पहिल्याच महिन्यापासून उभा असतो.

दुसरा प्रश्न मार्गदर्शकांविषयीचा. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. परंतु चार वर्षे उरलेल्यांना ते घेता येतात, आणि प्रबंध त्यांच्या निवृत्तीनंतरही अपुरा राहू शकतो. तेव्हा पुढची जबाबदारी कोणाकडे जाईल, हे आधीच विचारून घ्यावे.

तिसरा प्रश्न जुन्या विद्यार्थ्यांना विचारावा. यापूर्वीच्या चार-पाच जणांना पदवीसाठी किती वर्षे लागली? मध्येच कोणी सोडून गेले काय? विद्यावेतन दरमहा जमा होते, की कित्येक महिन्यांनी एकदम? आज ते कोठे नोकरी करतात? माहितीपत्रकात सहसा न आढळणारी उत्तरे येथे मिळतात.

गुरूला असे प्रश्न विचारणे अनेक घरांत उद्धटपणाचे मानले जाते. वस्तुतः जामीनदाराची चौकशी करणारा अधिकारी कोणाचा अपमान करीत नसतो. चांगला मार्गदर्शक अशा प्रश्नांचे स्वागतच करील. आणि जो रागावेल, त्याने उत्तर देऊन टाकले असे समजावे. पेढे अवश्य वाटावेत, मात्र आठवडाभर चौकशी करून मग.