शब्दांची पारख : पाणी एक, नावे अनेक

मुलांना इंग्रजीत दृश्यवर्णन लिहावयास सांगितले, म्हणजे कोशातील पहिला शब्द उचलून मोकळे होण्याकडे त्यांचा कल असतो. पाणी साचलेले दिसले की 'लेक'! कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या न्यू टाउनमध्ये मात्र या सवयीने भागत नाही. २०१२ साली खुल्या झालेल्या तेथील इको पार्कमधील विस्तीर्ण जलाशय 'लेक' खरा. त्यात बेट आहे, नावा चालतात. परंतु बंगाली घराशेजारचे पुकुर हे 'पाँड'च. शेजारच्या सॉल्ट लेकच्या तर केवळ नावात लेक उरला आहे. १९६० नंतर हुगळीचा गाळ पसरून ती वसाहत उभारली गेली. 'टँक' लिहावे, तर विलायतेतील वाचकाच्या डोळ्यांपुढे लोखंडी टाकी उभी राहील. इकडे आलेल्या इंग्रजांनी मात्र खणलेल्या तळ्यालाच तो शब्द लावला आणि लालदिघीच्या परिसरास टँक स्क्वेअर म्हटले. आपल्या गडांवरील 'टाके' याच शब्दाचे नातलग असावे.

खरी कसोटी लागते ती न्यू टाउनच्या दक्षिणेकडील पाणथळ पट्ट्यात. 'स्वाँप' म्हटले की पाण्यात उभी झाडे हवीत. 'मार्श'मध्ये गवत व लव्हाळी. 'बॉग' ही पावसाच्या पाण्यावर पोसलेली, शेवाळाच्या कुजलेल्या थरांची भूमी. ती बहुधा थंड देशांत आढळते, तेव्हा येथे तिचे काम नाही. शिवाय या तिन्ही शब्दांना डास आणि हिवताप यांचा वास येतो. वाचणाऱ्याला वाटते, भराव घालून ही जागा एकदाची उपयोगी आणावी. वस्तुतः ती अहोरात्र उपयोगी पडते आहे! शहराचे सांडपाणी तेथील उथळ भेड्यांत शिरते, ऊन आणि शैवाल यांच्या योगाने शुद्ध होते आणि त्यावर मासे पोसले जातात. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या कराराच्या यादीत २००२ मध्ये या १२,५०० हेक्टर भूमीची नोंद झाली, ती 'वेटलंड' म्हणून. या शब्दाला दुर्गंधी नाही.

तथापि 'वेटलंड' हा कचेरीतला शब्द. त्याने डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. वर्णनात तो एकदा यावा आणि मग मातीचे बांध, जाळी, जलपर्णी यांना जागा द्यावी. भेडीला सरळ 'फिशपाँड' म्हणावे.

आमच्या कोकणातील खाजणाचे काय, असे कोणी विचारील. तेथे भरतीचे खारे पाणी शिरते. म्हणून 'सॉल्ट मार्श' जवळचा. कांदळवन माजले असेल, तर 'मँग्रोव्ह'.