दोष रोपाचा की मातीचा?



सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत ज्या काळ्या रानांत ऊस पुरुषभर उंच जात असे, तेथे आज कित्येक ठिकाणी जमिनीवर पांढरा क्षार फुललेला दिसतो. ऊस खुरटतो, पानांची टोके करपतात. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो देवीचा कोप झाला. खरे कारण निराळे आहे. वर्षानुवर्षे पाटाचे पाणी बेसुमार दिले, पण निचऱ्याची सोय केली नाही. त्यामुळे भूजल वर चढले व त्याबरोबर खालचा क्षारही वर आला. पाणी उन्हाने उडून गेले, क्षार मात्र मातीत राहिला. अशा मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालून तोच क्षार धुऊन काढला, तर तेच बियाणे पुन्हा तरारते. मग दोष रोपाचा की मातीचा?

हा प्रश्न आपणांस अपरिचित नाही. आपली दैना जन्मजात आहे, पूर्वकर्माचे फळ आहे, असेच आपल्या वाडवडिलांस सांगण्यात आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य बाबासाहेबांनी आपणांस जो धम्म दिला, तो प्रतीत्यसमुत्पाद शिकवितो. कारण असेल तर कार्य घडते. कारण नाहीसे केले की कार्यही नाहीसे होते. पिकाविषयी हे खरे आहे, तसेच समाजाविषयीही खरे आहे.

परंतु कारण नीट न ओळखता केलेला उपायही घातक ठरतो. साताऱ्याजवळचे कास पठार पाहा. पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ते एक आहे. तेथे कातळावर मातीचा थर अगदी पातळ आणि त्यात नत्र अपुरे. म्हणून दवबिंदूसारखी वनस्पती किडे पकडून आपली उणीव भरून काढते. पर्यटकांची गर्दी आवरावी म्हणून तेथे कुंपण घातले. त्याने गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि लहान फुलझाडे झाकोळली, असे अभ्यासक व स्थानिक लोक सांगू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. ज्या गुरांना फुलांचे वैरी मानले, त्यांचे चरणे फुलांच्या उपयोगाचे होते. गुराख्याला आधी विचारले असते, तर ही चूक टळली असती.

आणि आपणांस कोण विचारतो? जमीन क्षारपड झाली की प्रथम भूमिहीनाची मजुरी बुडते. गायरान बंद झाले की प्रथम त्याची शेळी उपाशी राहते. म्हणून हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही, हक्काचाही आहे.

कायदा काय सांगतो ते ऐका. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापिली पाहिजे. २००४ च्या केंद्रीय नियमांनी या समितीत किमान एक-तृतीयांश स्त्रिया व किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सभासद असावेत असे ठरविले होते. पुढे २०२३ साली अधिनियमात दुरुस्ती झाली. म्हणून आज लागू असलेले नियम ग्रामपंचायतीत मागून वाचा. बौद्ध झालो म्हणून आपला अधिकार गेला, असे कोणी म्हटल्यास त्यास सांगा की १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या आहेत.

रोपाला आपली माती बदलता येत नाही, मनुष्याला येते. दुष्काळात अगर महापुरात देवीला नवस बोलू नका. कारण शोधा. आपल्या गावची समिती आहे काय, तिच्या नोंदवहीत गावची झाडे, गवते व रानभाज्या लिहिल्या आहेत काय, आणि सभासदांत आपली एखादी भगिनी आहे काय, हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. उत्तर लेखी मागा.

जय भीम.