मोठं बटण बसवून द्या!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत वरचेवर कानावर पडणारं एक वाक्य आहे: "बटण सारखं पडतंय हो, जरा मोठं बसवून द्या." वायरमनही तत्पर. १६ ॲम्पियरचा एमसीबी काढतो, ३२ चा बसवतो, पैसे घेऊन जातो. बटण पडायचं थांबतं आणि घरचे खूश. या खुशीलाच माझा विरोध आहे.

मी काही विज्ञानाची बाई नव्हे, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. पण इथे भागाकार आला तरी पुरतो. घरात वीज येते २३० व्होल्टची. २००० वॅटचा गिझर घेतो पावणेनऊ ॲम्पियरच्या आसपास. तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडी तेवढेच घेते. वर हजार वॅटची इस्त्री, म्हणजे आणखी सव्वाचार. झाले की नाही पावणेबावीस? जुन्या इमारतींत अर्धं घर एकाच बटणावर असतं. मग ते पडणार नाही तर काय करणार!

आणि ते बटण तुमच्या मिक्सरसाठी नसतंच मुळी. ते असतं भिंतीतल्या वायरीसाठी. त्याच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त प्रवाह गेला की ती तापते, वाकते आणि बटण पाडते. म्हणूनच ते लगेच पडत नाही, निम्मा स्वयंपाक झाल्यावर पडतं. (शॉर्टसर्किटसाठी चुंबकाची वेगळी सोय असते, ती क्षणात तोडते.) आता ३२ चं बटण बसवलंत, पण वायर तीच ठेवलीत. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. बटण गप्प, वायर प्लास्टरच्या आत भाजतेय, आणि आपण म्हणतोय, काम छान झालं! काही जुन्या घरांत तर अजून ॲल्युमिनियमच्या तारा आहेत, त्यांचे सांधे आधीच सैल झालेले.

हा रोग नवा नाही. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते तेव्हाही तांब्याच्या चार-पाच तारा पिळून घालणारे महाभाग घरोघरी होतेच. "आता बघू कसा उडतो!" असं म्हणायचे वर. उडणं हेच त्याचं काम, हे सांगायला गेलं की आपणच भित्र्या ठरायचो.

माझा भाचा इंग्लंडात असतो. सुट्टीत गाडीच्या मागे कॅराव्हॅन जोडून ही मंडळी हिंडतात. तिथल्या तळांवर खांबातून वीज मिळते, कुठे १६ ॲम्पियर, कुठे १०. युरोपात काही ठिकाणी सहाच. सहा म्हणजे १३८० वॅट, बस्स. तिकडच्या घरातली किटली एकटीच ३००० वॅटची असू शकते, म्हणून ते कमी वॅटची वेगळी किटली नेतात. हीटर चालू असेल तर किटली नाही. फ्रीज गॅसवरही चालतो, तो गरजेप्रमाणे गॅसवर फिरवायचा. बटण पडलं तर काही तळांवर खांबाची पेटी कुलपात असते, रात्री पावसात व्यवस्थापकाला शोधत जावं लागतं. भाच्याची दहा वर्षांची लेक मला फोनवर ॲम्पियर मोजून दाखवते. आपल्याकडचे इंजिनियर बापे मात्र बटणच बदलायला सांगतात.

आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच आहे. पण एसी, इंडक्शन आणि गिझर घेऊन कोकणात उतरणारा पुणेकर खांबावरच्या १६ ॲम्पियरचं काय करील, याची मला खात्रीशीर कल्पना आहे. तो विचारेल, इथे वायरमन कुठे मिळेल?

कोणी म्हणेल, बाई, मग गरम पाण्याविना राहायचं का? मुळीच नाही. बोर्डापासून गिझरला जाड वायर वेगळी ओढा, तिला तिचं स्वतंत्र बटण द्या. बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो वाचा, आणि अपुरा असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या. एवढं झालं की वायरीला साजेसं मोठं बटण खुशाल बसवा. खर्च येतो, कबूल. पण त्याच घरात खोट्या छताला आणि मॉड्युलर किचनला पैसे असतात. वायर दिसत नाही ना, म्हणून तिची पाळी शेवटी!

आणि पावसाळ्यात सारखी पडते म्हणून आरसीसीबी काढून टाकणाऱ्यांशी तर मला बोलायचंच नाही. ३० मिलिॲम्पियर गळती झाली की ती पडते, कारण तिथे प्रश्न वायरीचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे. गळका गिझर बदला, तिला हात लावू नका.

आमच्याकडे सध्या जुनीच वायर आहे. नवी दिवाळीआधी पडेल. तोवर बोर्डाखाली मी कागद चिकटवला आहे: "गिझर आणि शेगडी एकत्र नको." सुनेने खाली पेन्सिलीने भर घातली आहे: "आणि आईंची इस्त्रीसुद्धा."